दोन बनियन आणि शिलाईची टेप

मे महिना, लग्नाची दाट तिथ. तापीकाठच्या आमच्या पट्ट्यात त्या आठवड्यात पारा ४५ च्या आसपास होता. दुपारी दीडला वरातीत नाचता नाचता एक पोरगा कोसळला आणि चार जणांनी त्याला उचलून दवाखान्यात आणला. घामाने निथळत होता, नाडी १३० च्या घरात, जीभ कोरडी, बोलण्यात मेळ नाही. उन्हाचा झटका समजूनच उपचार करावे लागतील, अशी अवस्था होती.

अशा वेळी आधी अंगावरचे कपडे काढायचे. शर्टाची बटणं सोडली, आत टी-शर्ट. तो कात्रीने कापला, आत बनियन. त्या बनियनच्या आत आणखी एक बनियन, एक नंबर लहान, इतकी घट्ट की काखेत लाल वळ उठलेले. म्हणजे चार थर, तेही खान्देशात, मे महिन्यात. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ओल्या चादरी टाकल्या, पंखा लावला, सलाईन सुरू केलं. पाऊण तासाने तो भानावर आला. हात आडवा करून आधी छाती झाकली आणि मग विचारलं, "सर, शर्ट कोणी काढला?"

छाती भरलेली, दंड घडवलेले. मी कौतुकाने म्हणालो, "अरे, बॉडी तर झकास केलीस, मग एवढे कपडे कशाला?" त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. आपण नेमकं तेच बोललो जे बोलायला नको होतं, हे कळायला मला पंधरा दिवस लागले.

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले काही तपशील बदलले आहेत. लिहायला त्याची, त्याच्या आईची आणि वडिलांची हरकत नाही. इथल्या निम्म्या घरांत असतो तसा तोही घरचा 'भैय्या' आहे, तेव्हा तेच नाव वापरतो.

सगळे शाबासकी देत होते

वय १७ वर्षं १० महिने. नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली. वडिलांची सहा एकर केळी, आई घरी शिलाई करते, मोठ्या बहिणीचं लग्न झालेलं, घरात आजी. उंची १७१ सेंटिमीटर, वजन ६९ किलो. कुठल्याही तक्त्यात बसवा, मुलगा निरोगी. पहाटे साडेचारला उठून रस्त्यावर पळायला जातो, संध्याकाळी दोन तास जिम. गुटखा नाही, बिअर नाही, पोरींच्या भानगडी नाहीत. कोणी विचारलं की एकच उत्तर : पोलीस भरतीची तयारी.

हे उत्तर आमच्याकडे कोणालाही पटतं. पहाटे कुठल्याही तालुक्याच्या रस्त्याला जा, बूट घातलेली पोरं ओळीने पळताना दिसतील. शिपाई भरतीत मुलांना उंची १६५ सेंटिमीटर लागते, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून आणखी ५. मैदानी परीक्षा ५० गुणांची : १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. हे आकडे इथल्या दहावीच्या पोरालाही पाठ असतात. भैय्याची छाती होती ९६. भरतीला लागते त्यापेक्षा १७ सेंटिमीटर जास्त, आणि तरी तो दिवसातून पाच-सात वेळा ती मोजत होता. पण हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. वडील चार लोकांत सांगायचे, "आमच्या पोऱ्याला व्यसन नाही, त्याला फक्त व्यायामाचं वेड." लोक माना डोलवायचे. मीही डोलावली असती.

एखादी मुलगी जेवण टाकू लागली, दिवसभर आरशासमोर उभी राहू लागली, तर आज गावातही कोणीतरी कुजबुजतं की हिचं काहीतरी बिनसलंय. मुलाने भात सोडला, उकडलेली अंडी मोजून खाल्ली, बहिणीच्या डोहाळजेवणाला न जाता जिमला गेला, तर त्याला शिस्तीचा म्हणतात. हा दुखण्याला चढलेला चांगुलपणाचा मुलामा आहे आणि या प्रकरणात मला सर्वात जास्त त्रास त्यानेच दिला. तक्रार घेऊन कोणी येतच नाही. भैय्यासुद्धा आला तो चक्कर आल्यामुळे.

चक्कर का आली याचा हिशेब नंतर लागला. चुलतभावाचं लग्न, फोटो निघणार, बाह्या दुमडल्यावर हाताच्या शिरा दिसायला हव्यात म्हणून तीन दिवस मीठ बंद आणि पाणी जेमतेम. त्या दिवशी वरातीआधी 'प्री-वर्कआउट'चा एक स्कूप, म्हणजे भरपूर कॅफिन. त्यावर चार थर कपडे आणि डीजेपुढे तासभर नाच. मोबाइलवरच्या 'कट' शरीरांमागे उजेड, कोन आणि पाणी तोडलेले दोन दिवस असतात, हे तो मला नंतर स्वतःच समजावून सांगायचा. सगळं माहीत होतं त्याला. माहीत असण्याचा उपयोग होत नव्हता.

टेप

पंधरा दिवसांनी त्याची आई एकटीच आली. तिच्याकडे शिलाईची एक टेप होती आणि जुनी कागदपत्रं ठेवतात तशी प्लास्टिकची पिशवी.

"डॉक्टरसाहेब, त्याना डोकामा काय शे ते माले समजस नही. आंडोर आमना संगे जेवस नही, नुसता अंडा खास." आंडोर म्हणजे आमच्या अहिराणीत मुलगा.

टेप तिने टेबलावर ठेवली. सहा महिन्यांत तिच्या तीन टेपा हरवल्या होत्या. ब्लाउजची मापं घ्यायला बायका दारात उभ्या आणि टेप जागेवर नाही. ही टेप तिला गादी उन्हात टाकताना भैय्याच्या उशीखाली सापडली. साधी पिवळी टेप, पण ३७ ते ३९ इंचांमधले आकडे बोटांनी घासून जवळजवळ पुसले होते. बाकीची टेप कोरी करकरीत. सोबत एक शंभर पानी वही : तारीख, वेळ, छाती, उजवा दंड, डावा दंड, कंबर. काही दिवशी आठ-आठ नोंदी. एका ओळीपुढे फक्त 'नाही' असं लिहिलेलं.

मी त्याला बोलावून घेतलं. गोळ्या, मुली, परीक्षा यांतलं काहीही असो, इथे बोललेलं नानांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, कानावर जाणार नाही, असा शब्द आधी दिला. जिवाला धोका वाटला तर मात्र घरी सांगेन, हेही तेव्हाच सांगून टाकलं. पहिली वीस मिनिटं भरती, डाएट, 'चेस्ट डे', 'लेग डे' असंच चाललं. मग विचारलं, दिवसातून किती वेळा छातीचा विचार येतो?

"सर, कधी येत नाही ते विचारा."

पुढे हळूहळू गाठोडं सुटलं. वर्गात खिडकीजवळच बसायचं, कारण काचेत प्रतिबिंब दिसतं. मोटारसायकलच्या आरशात, बंद मोबाइलच्या काळ्या पडद्यावर, एसटीच्या काचेत, जिथे मिळेल तिथे पाहायचं. हाताने छाती चाचपायची. दुसऱ्यांच्या छातीशी तुलना. आणि कधी कधी उलटंच : आंघोळ अंधारात, बाथरूमचा दिवा न लावता. नदीत, विहिरीत चार वर्षांत एकदाही उतरलेला नाही. तापीच्या काठचा पोरगा, आणि पोहणं सोडलेला! दिवसाचे सरासरी पाच तास यात जात होते. बारावीत त्याला अभ्यासाला वेळ पुरत नव्हता तो याचमुळे.

कान‌बाईच्या रोटांची गोष्ट त्याच्या आजीने सांगितली. खान्देशात श्रावणात कानबाई ही देवी बसते. रोटाचं, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांचं, दळण संपेपर्यंत घरच्यांनी, भाऊबंदांनीच ते खायचं, तो मान असतो. आदल्या वर्षी भैय्याने 'कार्ब्स' म्हणून रोटाला हात लावला नाही. आजी दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी. तिच्या लेखी तो देवीचा अपमान होता. भैय्याच्या लेखी तो अर्धा इंच होता.

आठवीचा वर्ग

सगळं सुरू झालं तेरा वर्षांचा असताना. तेव्हा तो अंगाने गुबगुबीत होता. आठवीत कबड्डी खेळताना एका संघाने शर्ट काढायचे, तशी पद्धत. कोणीतरी त्याची छाती दाबली आणि एका बाईचं नाव घेतलं. मैदान हसलं. ते नाव दहावीपर्यंत चिकटलं. इथे लिहीत नाही, कारण गावात दोघं-तिघं ते अजून वापरतात.

त्याच्या दोन्ही स्तनाग्रांखाली रुपयाएवढी, रबरासारखी घट्ट चकती तयार झाली होती. हात लागला की दुखायची. वयात येणाऱ्या मुलांमध्ये हे फार सर्रास आढळतं. काही पाहण्यांत तर निम्म्यापर्यंत मुलांमध्ये सापडलं आहे. साधारण तेरा-चौदाव्या वर्षी ते सर्वात जास्त दिसतं. त्या काळात शरीरातलं इस्ट्रोजेन आणि पुरुष-संप्रेरकं यांचं प्रमाण थोडे दिवस डळमळतं आणि छातीतल्या ग्रंथीची ऊती वाढते. मुलगा पुरुष होत असल्याचीच ही खूण, पण मुलाला वाटतं आपण बाई होतोय. बहुतेकांमध्ये सहा महिने ते दोन वर्षांत ती आपोआप जिरते. डॉक्टरने फक्त नीट तपासायचं असतं : बोटांच्या चिमटीत घेऊन ती ग्रंथी आहे की नुसती चरबी हे पाहायचं, वृषणं तपासायची, मुलगा कुठली औषधं घेतो ते विचारायचं, आणि सांगायचं की बाबा, हे जाईल. पाच मिनिटांचं काम.

आईच्या प्लास्टिकच्या पिशवीत जुन्या चिठ्ठ्या होत्या. त्यांतल्या एका चिठ्ठीवर भैय्याचं नाव, वय १३, तापाचं औषध आणि खाली एक ओळ : 'छातीवर चरबी. व्यायाम सांगितला.' अक्षर माझं होतं.

मला तो प्रसंग आठवत नाही. त्याला आठवत होता. ताप बघायला आई घेऊन आली होती, तिने पिशवी उघडली तेवढ्यात त्याने हळूच म्हटलं, "सर, इथे दुखतं." मी शर्टावरूनच पाहिलं आणि म्हणालो, "पळायला लाग, उतरेल." बाहेर तीस पेशंट बसले असतील. तो दुसऱ्या दिवसापासून पळायला लागला आणि पळतच राहिला.

यात माझा दोष नेमका किती, याचा काथ्याकूट मी पुष्कळ केला. त्याला चिडवणारी पोरं होतीच, मोबाइल होता, जिम होती. पण 'तुझ्या छातीत खोट आहे आणि ती घालवणं तुझ्या हातात आहे' हे पहिल्यांदा एका डॉक्टरच्या तोंडून त्याने ऐकलं, ते माझ्या.

त्याच बनियनचं दुसरं काम

पहिली घट्ट बनियन आली ती आठवीत, छाती दाबून धरायला. पळून पळून वर्षभरात त्याने सात किलो वजन उतरवलं. गाठी पंधराव्या वर्षापर्यंत जिरल्या असाव्यात, पण त्या गेल्या हे त्याने पाहिलंच नाही, कारण बनियन उतरत नव्हती. दहावीत लोक म्हणू लागले, "काय रे, किती वाळला!" आमच्याकडे हे रामराम घातल्यासारखं म्हणतात. पाहुणा दारात आला की आधी पोराच्या अंगाचा पंचनामा, मग पाणी. कोणीतरी 'काडी पहिलवान' म्हटलं. मग पहिल्या बनियनवर दुसरी आली, वर टी-शर्ट आला, छाती रुंद दिसावी म्हणून. लपवायला घातलेला कपडा आता दाखवायला उपयोगी पडू लागला. जाड असण्याची लाज आणि बारीक असण्याची लाज, दोन्हींवर तोच इलाज.

या दुसऱ्या अवस्थेला वैद्यकात नाव आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली अमेरिकेतल्या बॉडीबिल्डर पुरुषांमध्ये ती पाहिली तेव्हा तिला 'उलटा ॲनोरेक्सिया' म्हटलं : दणकट माणूस, पण त्याला वाटतं आपण किडकिडीत आहोत. १९९७ मध्ये 'मसल डिसमॉर्फिया' हे नाव रूढ झालं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या विकारांच्या यादीत, ती बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे आपल्या रूपात खोट आहे या ध्यासाच्या विकाराचा एक प्रकार म्हणून नोंदली गेली. हा विकार मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या कुळातला. बहुतेकांना तो अठराच्या आतच जडतो. याच पोप यांनी १९९९ मध्ये मुलांच्या खेळण्यातले सैनिक-बाहुले मोजले होते. दशकांमागून दशकं त्या बाहुल्यांचे दंड आणि छाती फुगत गेली होती, इतकी की शेवटचे काही आकार हाडामांसाच्या माणसाला शक्यच नव्हते.

आमच्या जत्रांमधल्या कुस्त्या मला आठवतात. नारळाच्या कुस्तीपासून मानाच्या कुस्तीपर्यंत उतरणाऱ्या पहिलवानांना पोट असायचं, चांगलं सुटलेलं. त्यांच्या पोटाच्या वड्या कोणी मोजत नव्हतं. अंगात जोर किती ते समोरचा चीत झाला की कळायचं. तालमीतही पोरांना चिडवायचे, मारायचे, सगळं गोड नव्हतं. पण निकाल मातीत लागायचा. भैय्याचा निकाल आरशात लागत होता, आणि आरसा कधीच 'पास' म्हणत नाही.

गोळ्या

तपासणीच्या वेळी तो शर्ट काढायला तयार होईना. तिसऱ्या भेटीत काढला, दिवा बंद करून. मी टॉर्चवर तपासलं. डाव्या स्तनाग्राखाली दीड सेंटिमीटरची हुळहुळी गाठ होती.

"परत आली, सर," तो म्हणाला आणि रडला. चार वर्षं ज्या गोष्टीपासून पळत होता ती परत आली होती.

त्याने दप्तरातून गोळ्यांची डबी काढली. जिममधल्या एका मोठ्या मुलाने सांगितलेली 'सायकल' : डायनाबॉल, म्हणजे मेथॅन्डिएनोन, पाच आठवडे. हे ॲनाबॉलिक स्टिरॉइड शरीरात गेलं की त्याचा काही भाग इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात बदलतो आणि पुरुषाच्या छातीत गाठ वाढवतो. म्हणजे ज्या भीतीपोटी त्याने गोळी गिळली, गोळीने तीच आणून दिली. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पुरळ येतं एवढंच सांगितलं होतं. पाठ पुरळाने भरली होतीच.

रक्त तपासलं. एलएच, म्हणजे मेंदूकडून वृषणांना हुकूम नेणारं हार्मोन, जवळजवळ तळाला. बाहेरून हार्मोन मिळतंय म्हटल्यावर मेंदूने वृषणांना हुकूम देणंच थांबवलं होतं. यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी वाढलेलं. इथे तरुण डॉक्टरांसाठी एक सूचना : जोरात वजनं उचलणाऱ्याचे एसजीओटी, एसजीपीटी आणि सीपीके नुसत्या व्यायामानेही वाढतात, त्यावरून लगेच यकृत बिघडलं म्हणू नये. सोबत जीजीटी पाहावं, ते नुसत्या व्यायामाने सहसा वाढत नाही. त्याचं जीजीटीही वाढलं होतं, तेव्हा गोळ्यांचा वाटा नक्की. गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. चार महिन्यांत एलएच वर आलं, यकृत सावरलं, गाठ पुष्कळ जिरली.

जिमच्या मालकाकडे मी गेलो होतो. तो म्हणाला गोळ्या माझ्याकडच्या नाहीत, पोरं मोबाइलवर मागवतात. खरंही असेल. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं. त्याच्या जिममध्ये पंधरा वर्षांची पोरं होती. त्या वयात स्टिरॉइडने हाडांच्या वाढीची टोकं वेळेआधी बंद होतात आणि उंची तिथेच थांबते, हे सांगितल्यावर मात्र तो दचकला. १६५ ची अट त्याला चांगली माहीत होती.

एक प्रश्न विचारायचा राहिला होता. या विकारात जीव द्यायचे विचार इतर मनोविकारांच्या मानानेही खूप येतात, त्यामुळे तो सरळ विचारावा लागतो. विचारल्याने असे विचार डोक्यात घुसत नाहीत. मी विचारलं. तो म्हणाला, "मरायचं असं नाही सर. पण रात्री वाटतं, सकाळी उठूच नये." ठरवलेलं काही नव्हतं, कधी प्रयत्न केला नव्हता. केळीवर फवारायची औषधं घरातच होती. ती कुलपात गेली. कशासाठी ते मी नानांना सांगितलं, आणि सांगणार आहे हे आधी भैय्याला सांगितलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्याने दोनदा लावला, हे पुढे कधीतरी कळलं.

नानांची समजूत

वडिलांना समजावणं मला जमलं नाही, हे आधीच कबूल करतो. "आरशात पाहतो म्हणून जळगावला मेंटलच्या डॉक्टरकडे न्यायचं?" मी केळीचा दाखला दिला : दिवस भरायच्या आधी घड कार्बाइडने पिकवला तर वरून पिवळा, आतून कच्चा. नाना शांतपणे म्हणाले, "साहेब, कार्बाइड आता कोण वापरतं? रायपनिंग चेंबर आहेत." दाखला तिथेच आडवा झाला. वाट आईने काढली. तिने ती वही नानांपुढे ठेवली. नाना वही शेवटपर्यंत चाळत बसले. रासायनिक खतांचा हिशेब ते अशाच वहीत लिहितात. शेवटी एवढंच म्हणाले, "कधी जायचं?"

जळगावच्या मनोविकारतज्ज्ञांनी फ्लुओक्सेटिन सुरू केलं आणि मंत्रचळासाठी वापरतात त्या धर्तीची वर्तनोपचाराची आखणी दिली. अठराच्या आसपासच्या वयात हे औषध सुरू करताना पहिले काही आठवडे मुलावर बारीक लक्ष ठेवावं लागतं, कारण त्या काळात आत्महत्येचे विचार वाढल्याचं काहींमध्ये दिसलं आहे. ती जबाबदारी माझ्याकडे आली. दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, तो यायचा. गुण यायला बारा आठवडेही लागू शकतात, हे घरच्यांना आधीच बजावलं होतं. नाहीतर पंधराव्या दिवशी औषध सुटतं.

मला स्वतःला एक मोठी सवय मोडावी लागली. तो विचारायचा, "सर, छाती ठीक आहे ना?" मी म्हणायचो, "अरे, उत्तम आहे." त्याला तासभर बरं वाटायचं आणि पुन्हा तोच प्रश्न. हे उत्तर म्हणजे टेपच. तज्ज्ञांनी सांगितलं, उत्तर द्यायचं नाही, घरातही कोणी द्यायचं नाही. आईला हे फार जड गेलं. आजीला अजूनही जमत नाही.

टेप आईच्या ताब्यात गेली. आठवड्यातून एकदा, रविवारी, तीही तिच्या हाताने, आणि नोंद नाही. महिन्याभराने तेही बंद. आरशासमोर दोन मिनिटं, हातभर अंतरावर, डोक्यापासून पायापर्यंत पाहायचं, छातीपाशी थांबायचं नाही. मग कपड्यांची पायरी : आधी घरात टी-शर्ट नको, मग घट्ट बनियन नको, मग एक बनियन घालून बाजारात एक फेरी. प्रत्येक पायरीआधी भीतीला शंभरपैकी गुण द्यायचे. बाजाराच्या फेरीला त्याने ९० दिले होते, परत आल्यावर ५५.

जिम बंद केली नाही. बंद केली असती तर तो उपचारच सोडून गेला असता, असा माझा अंदाज. आठवड्याला चार दिवस ठरले, छातीचा व्यायाम एकदाच. आहारावरून वाद झाला. तो दिवसाला दोनशे ग्रॅमच्या आसपास प्रथिनं घेत होता. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीत सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला ५५ ग्रॅमच्या आसपास पुरतात. व्यायाम करणाऱ्याला किलोमागे दीड ग्रॅम धरा, तरी शंभरच्या आसपासच होतात. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, शेंगदाण्याची चटणी, दूध आणि तीन-चार अंडी यांत ते बसतं. बसतं हे त्याने आईबरोबर चुलीपाशी बसून, वहीत लिहून पाहिलं. त्या शंभर पानी वहीचा तेवढा एक बरा उपयोग झाला.

श्रावणात कानबाई बसली तेव्हा त्याने अर्धा रोट खाल्ला. आजीने ते गल्लीत चार घरी सांगितलं.

दिवाळीनंतर घसरला. जिममध्ये कोणीतरी "सुकला रे तू" म्हटलं आणि दोन्ही बनियन परत आल्या, दोन आठवडे. त्या दोन मंगळवारी तो आलाच नाही. आई त्याच्याऐवजी येऊन बसायची. तिसऱ्या मंगळवारी आला, खाली मान घालून. पायऱ्या मधूनच पुन्हा सुरू केल्या, पहिल्यापासून नाही.

याच दरम्यान एका शाळेत आठवीच्या मुलांशी बोलायला गेलो. दहा ते एकोणीस वयासाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' क्लिनिक आहेत, पण तिथे मुलगे फारसे जात नाहीत. ते मुलींच्या रक्ताच्या गोळ्यांचं ठिकाण आहे अशी समजूत. मी मुलांना छातीतल्या गाठीबद्दल सांगितलं, अगदी साध्या शब्दांत : येते, दुखते, जाते. आधी खूप हशा झाला. मग शिक्षक बाहेर गेले आणि वर्ग सुटल्यावर तीन मुलं मागे रेंगाळली. एकाच्या शर्टाच्या आत, बाहीच्या कडेने, बनियनचे दोन पट्टे दिसत होते.

भैय्याची जानेवारीतली भेट. थंडी होती, आमच्या मानाने चांगलीच. आदल्या रविवारी शेतात भरीत पार्टी झाली होती, तुराट्यांवर भाजलेली वांगी, तीन भाकरी खाल्ल्या म्हणाला. अंगावर शर्ट आणि आत एक बनियन. तपासायला न सांगताच त्याने दोन्ही काढले, दिवा चालू असताना. डावीकडे वाटाण्याएवढी गाठ उरली होती, दुखत नव्हती.

"सर, डावी बाजू थोडी मोठी वाटते ना?"

मी केस पेपरवर तारीख लिहीत राहिलो. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग, "हां, तुम्ही सांगणार नाही," असं म्हणून बनियन डोक्यातून घातली आणि भरतीचा फॉर्म कधी निघणार ते सांगू लागला.